सावलीतील बाग



या व्याख्यानमालेत माझ्याआधी ज्या विद्वान मंडळींची भाषणे झाली, त्यांचे विषय मोठे होते. माझा विषय अगदी लहान आहे. जेथे पुरेसे ऊन पडत नाही अशा जागेत कणखर आणि देखणी झाडे कोणती लावावीत, एवढेच मला सांगायचे आहे. चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी हाच कळवला. त्यांना वाटले, मी थट्टा करतो आहे. त्यांचा उलट निरोप आला, 'आपण ऊसतोड कामगारांच्या प्रश्नावर बोलाल अशी मंडळींची अपेक्षा आहे.' मी कळवले, 'त्याच प्रश्नावर बोलणार आहे.' हे कसे, ते आपणच शेवटी ठरवा.

प्रथम माझ्या पात्रतेविषयी. मी वनस्पतिशास्त्र शिकलेला नाही. सातवीपर्यंत शाळेत गेलो, तेही अर्धे वर्ष. दसरा-दिवाळी झाली की आईवडिलांबरोबर फडावर जायचे आणि चैत्रात परत यायचे. तोवर वर्गातली मुले पुस्तक संपवून बसलेली असत. पुढचे शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा आज जे सांगेन ते थोडे वाचलेले आणि पुष्कळसे हातांनी चुकत चुकत शिकलेले आहे. चुकांचा हिशेबही देणार आहे. कारण वर्गणीवर चालणाऱ्या माणसाला हिशेब द्यायची सवय असते.

भूगोलाच्या पुस्तकात आपल्या भागाला पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात. म्हणजे आपल्या वाट्याला छाया आली ती पावसाची, झाडाची नव्हे. सह्याद्रीने ढग अडवले आणि इकडे उरले ते ऊन. वर्षाला सहाशे-सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. आणि मे महिन्यात पारा ४२ अंशांपलीकडे. अशा मुलखात सावली ही चैन नव्हे. ती भाकरीच्या खालोखालची गरज आहे. फडावर कोण उन्हात आहे आणि कोण सावलीत, हे पाहिले की कोण मजूर आणि कोण मुकादम, हे निराळे विचारावे लागत नाही. म्हणूनच २००५ सालच्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात कामाच्या ठिकाणी पिण्याचे पाणी, औषधाची पेटी आणि मजुरांच्या मुलांसाठी सावली हवी, असे लिहिले गेले. सावली हा शब्द कायद्यात यावा लागला, यातच सर्व आले.

आता बागेकडे येतो. आमच्या संघटनेची कचेरी शहराच्या जुन्या भागात आहे. दोन खोल्या, आणि मागे वीस फूट रुंद, तीस फूट लांब असे अंगण. अंगणाच्या मध्यावर जुना कडुलिंब, पश्चिमेला उंच भिंत. उचलीचा हिशेब, अपघाताची भरपाई, अडकलेले पैसे, अशी गाऱ्हाणी घेऊन माणसे येतात. पुरुष आत खुर्च्यांवर बसतात आणि बायका अंगणात लिंबाखाली. २०१३ च्या उन्हाळ्यात कार्यकारिणीत ठराव आला की, लिंबाच्या मुळांनी भिंतीला तडा जातो आहे, पाचोळा फार पडतो, खाली काहीही उगवत नाही. तेव्हा झाड तोडावे आणि पत्र्याची शेड उभारावी. अकरा जणांपैकी सात जण ठरावाच्या बाजूने होते. त्या सातांत मी होतो.

दाराशी एक म्हातारी बाई बसली होती. तीस-पस्तीस हंगाम केलेली. ती उठून आत आली आणि म्हणाली, 'भाऊ, सहा महिने आम्ही पालाच्या अन् पाचटाच्या कोपीत काढतो. घरी आलं की पत्रा. हितं तरी झाडाखाली बसू द्या. पत्र्याखाली तुम्ही बसणार का, मे महिन्यात?' सभेत कुणी बोलेना. ठराव मांडणाऱ्यानेच तो मागे घेतला. कामगारांची संघटना चालवणाऱ्या माणसाला कामगार कोठे बसतात हे ठाऊक नसावे, याची लाज मला अजून वाटते.

पुढे वाचताना कळले की म्हातारीचे म्हणणे शास्त्रालाही धरून होते. पत्रा ऊन अडवतो खरा, पण स्वतः तापतो आणि ती धग खाली सोडतो. झाडाची पाने ऊन अडवतात आणि त्याचबरोबर मुळांनी ओढलेले पाणी वाफेच्या रूपाने हवेत सोडतात. त्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. ओला माठ पाणी गार करतो, तोच हा प्रकार. पत्र्याला ही विद्या नाही.

झाड राहिले, पण 'खाली काही उगवत नाही' ही तक्रारही राहिली. ती दूर करण्याचे मी अंगावर घेतले. पावसाळ्याच्या तोंडावर गुलाबाची सहा कलमे, शेवंती, झेंडू आणि जास्वंद आणली. विकणाऱ्याने सावलीचे विचारले नाही आणि मी सांगितले नाही. दिवाळीपर्यंत गुलाबाच्या लांब, फिकट काड्या झाल्या; शेवंतीला भुरी आली; झेंडू उंच वाढून आडवा पडला; जास्वंद पानांनी हिरवी, पण फूल एकही नाही. मी खत घातले, पाणी वाढवले, तसतशी ती लवकर मेली. भुकेल्या माणसाला जेवणाऐवजी उपदेश करावा, तसे ते झाले. त्यांना ऊन हवे होते. मी पाणी पाजत होतो.

येथून पहिला धडा मिळाला. झाड निवडण्याआधी सावली ओळखावी. सावली एका जातीची नसते. एक विरळ सावली, जशी लिंबाची किंवा बाभळीची. तिच्यात उन्हाचे कवडसे दिवसभर फिरत असतात. दुसरी अर्धवेळची सावली. पूर्वेच्या ओट्यावर सकाळी ऊन, दुपारी छाया. ही सर्वांत उत्तम. पश्चिमेचा ओटा मात्र फसवा. सकाळी थंड आणि दुपारी तव्यासारखा. तिसरी गडद सावली; वाड्याच्या बोळात किंवा जिन्याखाली असते ती. आणि चौथी कोरडी सावली, जी आपल्याकडे सर्वांत अधिक आढळते. मोठ्या झाडाची मुळे जमिनीतली ओल आधीच पिऊन टाकतात. इंग्रजी पुस्तकांत सावलीच्या बागेची वर्णने असतात ती ओल्या सावलीची. ती वाचून येथे बाग करू गेले की माणूस फसतो.

ओळखण्याची युक्ती सोपी आहे. दुपारी बाराच्या सुमारास त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरा. हाताची छाया ठळक, कडांसह उमटली तर उजेड भरपूर आहे. छाया पुसट उमटली तर मध्यम सावली. छाया उमटलीच नाही तर गडद सावली. तेथे फुलांचा हट्ट सोडावा आणि पानांवर संतोष मानावा.

दुसरी गोष्ट सावलीतल्या पाण्याची. सावलीतले झाड हळू वाढते, हळू पिते. बहुधा त्याची पाने रुंद आणि पातळ असतात, कारण थोडा उजेड मोठ्या पदराने झेलावा लागतो. अशा झाडाला उन्हातल्या झाडाइतके पाणी दिले की मुळे कुजतात. बोट मातीत दोन पेरे खुपसावे. ओल लागली तर तांब्या परत न्यावा. घरातल्या कुंड्यांतली कितीतरी झाडे तहानेने मरत नाहीत, लाडाने मरतात.

तिसरी गोष्ट मुळांची. जुन्या झाडाखाली कुदळीने वाफे खणू नयेत. जाड मुळे तुटली की वरची सावलीच जाते. खोडाभोवती मातीचा ढीगही घालू नये, साल कुजते. दोन मुळांच्या मधली जागा हाताने चाचपून तेवढाच खड्डा करावा आणि त्यात पालापाचोळ्याचे कुजके खत व थोडे शेणखत घालावे. जेथे खड्डा होत नाही तेथे फुटके माठ, तेलाचे डबे, जुन्या घमेल्या यांच्या कुंड्या कराव्यात. तळाला भोक मात्र हवे.

आता झाडांची ओळख करून देतो. जी मी स्वतः लावली आणि जी जगली, त्यांनाच आधी बोलावतो.

अगदी पहिला मान अबोलीचा. ही दक्षिण हिंदुस्थानातली आणि श्रीलंकेतली. कवडशांच्या सावलीत ती वर्षाचे बहुतेक महिने फुलते. वास नाही, पण तोडलेले फूल दोन-तीन दिवस सुकत नाही. हिची बोंडे वाळल्यावर पाण्याचा थेंब लागताच तडकतात आणि बी दूर उडते. म्हणून एक रोप लावले की दोन वर्षांत शेजारी दहा उगवतात. दसऱ्यानंतर टोळ्या निघतात तेव्हा बायका कचेरीत नावे नोंदवायला येतात. जाताना आमच्या अंगणातली अबोली त्या केसांत माळून जातात. फडावर गेल्यावर फुले माळायला वेळ कोणाला असतो?

दुसरी कोरांटी. गरीब, काटेरी आणि हट्टी. पिवळी रानात सापडते; पांढरी आणि जांभळी बिनकाट्याची असते. हिवाळ्याच्या तोंडावर, जेव्हा इतर झाडे थकलेली असतात, तेव्हा हिला बहर येतो. उजेड बरा असला की फुले जास्त. पण अर्ध्या सावलीतही ती निराश करत नाही.

तिसरा अडुळसा. याला शोभेचे झाड कुणी म्हणत नाही, कारण ते औषधी म्हणून ओळखले जाते. परंतु हिवाळ्यात त्याच्या पांढऱ्या तुऱ्यांकडे एकदा नीट पाहा. फुलाच्या ओठावर जांभळ्या रेघा असतात. मधमाश्यांना वाट दाखवण्यासाठी त्या आहेत असे म्हणतात. शेळ्या आणि गुरे त्याला तोंड लावत नाहीत. आपल्या गावांत शेळीपासून वाचलेले झाड तेच खरे झाड! कुंपणाला अडुळसा लावला की आतली बाग निम्मी वाचली.

चौथी शतावरी. बाजारात परदेशी जातीची शतावरी शोभेसाठी विकतात. पण आपल्या डोंगरातली शतावरी तितकीच सुंदर आहे. धुक्यासारखी बारीक पाने, पावसाळ्यानंतर पांढरी, सुवासिक, नखाएवढी फुले. तिच्या मुळांना बोटांएवढ्या गाठी असतात आणि त्यांत ती पाणी साठवते. म्हणून कोरड्या सावलीत तिच्यासारखी दुसरी वेल नाही. काटे आहेत, तेव्हा वाटेवर लावू नये.

पाचवी गुलबक्षी. ही पेरूकडची पाहुणी, पण आपल्या परसात इतकी रमली की तिला परकी म्हणवत नाही. संध्याकाळी चारच्या सुमारास उमलते. कामावरून परत येणाऱ्या माणसासाठीच जणू. जमिनीत गड्डा असतो. वरचे झाड वाळले तरी पहिल्या पावसाला पुन्हा फुटते. काळ्या मिऱ्यासारख्या बिया मुलांनी गोळा करून गल्लीभर पेरल्या की खर्च शून्य.

तगर, पांढरी लिली जिला रोपवाटिकेत स्पायडर लिली म्हणतात ती, आणि पावसाळ्यात तेरडा. ही तिन्ही विरळ सावलीत चांगली होतात. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण भाद्रपदात गौरीला तोच लागतो, हे विसरू नये.

आता गडद सावली. तेथे रंग पानांतून मिळवायचा. स्नेक प्लांट म्हणून जे उभ्या तलवारीसारख्या पानांचे झाड मिळते, ते पश्चिम आफ्रिकेतले. महिना महिना पाणी नसले तरी तक्रार करत नाही. याची पाने रात्री श्वास घेतात, म्हणजे त्यांची सूक्ष्म छिद्रे दिवसाच्या उन्हात मिटलेली आणि रात्री उघडलेली असतात. पाणी वाचवण्याची ही युक्ती. मनी प्लांट मूळचा पॅसिफिक महासागरातल्या एका लहान बेटावरचा. तो चोरून आणला तरच वाढतो, अशी समजूत आहे. पैशाचे झाड चोरीनेच वाढते हा लोकांचा अनुभव असेल. परंतु आमच्या कचेरीत तो मागून आणलेला आहे आणि छान वाढतो. कोलियसच्या पानांत लाल, पिवळा, जांभळा असे सर्व रंग असतात. फांदी तोडून पाण्यात ठेवली की आठवड्यात मुळे फुटतात. त्याचाच भाऊ पानओवा. शोभेला शोभा आणि भज्यांना पान. क्रोटनला मात्र पूर्ण काळोख चालत नाही. उजेड कमी झाला की त्याचे रंग उडून तो हिरवा होतो.

एका झाडाबद्दल गैरसमज दूर करतो. ज्याला आपण घरोघर ब्रह्मकमळ म्हणतो, रात्री उमलते आणि सकाळी मिटते, ते हिमालयातले ब्रह्मकमळ नव्हे. ते मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचे, निवडुंगाच्या कुळातले. त्याचे मूळ घर जंगलातल्या झाडांच्या फांद्यांवर, म्हणून त्याला सावली मानवते आणि जड काळी माती मानवत नाही. वाळू आणि पाचोळा मिसळून लावावे. फुलले की सारी गल्ली पाहायला येते. जातपात न विचारता माणसे एका ओट्यावर जमतात, म्हणून मला ते प्रिय आहे.

रंगांविषयी एक सूचना. सावलीत लाल आणि जांभळा रंग दुपारी शोभतो, पण संध्याकाळी दिसेनासा होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पुर्किंजे नावाच्या चेक शास्त्रज्ञाने हे टिपून ठेवले, की उजेड कमी होतो तसा डोळ्याला लाल रंग आधी काळा दिसू लागतो. म्हणून ज्या अंगणात आपण दिवेलागणीला बसतो तेथे पांढरे हवे. तगर, अडुळसा, पांढरी लिली ही अंधारातही ओळख देतात.

आता इशारे. डिफेनबेकिया नावाचे मोठ्या ठिपकेदार पानांचे झाड सावलीत फार देखणे होते. पण त्याच्या रसात सुईसारखे बारीक स्फटिक असतात. लहान मुलाने पान चावले तर तोंड सुजते, बोलता येत नाही. अळू खाजतो तो याच जातीच्या स्फटिकांनी. आपण तो चांगला शिजवतो आणि चिंच घालतो, म्हणून निभावते. कळलावीचे फूल म्हणजे अग्नीची ज्वाळा. आपल्याकडच्या रानात पावसाळ्यात दिसते. पण तिचा कंद जीव घेणारा आहे. जेथे मुले खेळतात तेथे ही दोन्ही लावू नयेत. भिंतीलगत एक फूट जागा मोकळी आणि झाडलेली ठेवावी. गारव्याला साप येतात. रात्री अंगणात बॅटरीशिवाय जाऊ नये. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये. त्यात डेंग्यूचे डास होतात.

नर्सरीत हल्ली सांगतात की ही झाडे घरातली हवा शुद्ध करतात. नासा या अमेरिकन संस्थेने १९८९ साली तसे प्रयोग केले होते हे खरे. पण ते बंद पेटीत केले होते. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा हिशेब मांडणाऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवले की घरातली हवा बदलण्याचे काम उघडी खिडकी कितीतरी पटींनी अधिक करते. झाड लावा ते झाड म्हणून. खिडकीच्या बदल्यात नव्हे.

येथवर गोष्ट सुखाची झाली. आता दुःखाची. २०१६ चा उन्हाळा आपल्यापैकी कोणीही विसरलेला नाही. शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. आपल्या शहरात नळ कधी येईल याचा भरवसा नव्हता. त्या एप्रिलमध्ये एक तरुण कार्यकर्ता सभेत उभा राहिला आणि म्हणाला, 'बायका दोन कोसांवरून हंडा आणतात आणि आपल्या कचेरीत फुलझाडांना पाणी! हे शोभते का?' प्रश्न रास्त होता. मी उत्तर दिले नाही, कारण माझ्यापाशी ते नव्हते. त्या दिवशी ठरले की पिण्याजोग्या पाण्याचा एक थेंबही झाडांना द्यायचा नाही. हात धुतलेले, माठाच्या तळाशी उरलेले, भाज्या धुतलेले, एवढेच. धुण्याच्या सोड्याचे पाणी तेवढे वगळले, कारण त्याने माती खारट होते.

ते थोडे पाणी पुरवायला जुन्या विद्येचा उपयोग झाला. सच्छिद्र मातीचा माठ, तोंड तेवढे वर ठेवून, झाडांच्या मध्ये पुरायचा. त्यात तांब्याभर पाणी ओतून झाकण घालायचे. माती सुकेल तसे पाणी पाझरते. ऊन त्याला पाहतही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या चिनी शेतीग्रंथात ही रीत लिहिलेली आहे. आणि दूर कशाला जा, सोळाव्या शतकात भुयारांतून पाणी खेळवणारी खजाना विहीर आपल्या बीडलाच आहे. पाणी जमिनीखालून न्यावे, म्हणजे ते उन्हाच्या तावडीत सापडत नाही, हे त्या कारागिरांना ठाऊक होते.

दुष्काळाने आमच्या बागेची परीक्षा घेतली आणि निकाल असा लागला. स्नेक प्लांट, अडुळसा, शतावरी आणि कोरांटी पूर्ण पास. अबोलीची निम्मी झाडे गेली, पण बी राहिले. तगर पाने गाळून उभी राहिली. सोनटक्का, ज्याच्या वासासाठी मी तो हौसेने लावला होता, पार गेला. तो ओल्या सावलीचा, माझाच हट्ट चुकला. कॅलेडियम आणि अळू दिसेनासे झाले, मी नावे खोडली, आणि पावसाळ्यात ते आपापल्या कंदांतून वर आले. तेव्हापासून मी कुणाचेही नाव घाईने खोडत नाही.

आणि एक झाड सांगायचे राहिले आहे. ते मुद्दाम राखून ठेवले होते. एका शिक्षकाने त्याचे तीन कांदे मला दिले होते. आफ्रिकेतली जात. लोक त्याला मे फ्लॉवर किंवा फुटबॉल लिली म्हणतात. पावसाळ्यात रुंद हिरवी पाने, हिवाळ्यात सर्व वाळून जमीन सपाट. वर काही खूण राहत नाही. आमचे ते कांदे लिंबाच्या बुंध्यापाशी होते, आणि त्या वर्षी तेथे हात धुतलेले पाणीही पोहोचले नव्हते. मी ते गेले असे धरले. वळवाचा एक शिडकावा झाला, आणि मे महिन्यात एका सकाळी त्या तापलेल्या, भेगाळलेल्या मातीतून एक देठ वर आला. पान नाही, काही नाही. आठ दिवसांत त्याच्या टोकाला लाल फुलांचा चेंडू उमलला. नारळाएवढा गोल, शेकडो केसरांचा. पूर्ण सावलीत, कोरड्या मातीत, दुष्काळाच्या मे महिन्यात.

हे कसे घडते, याचे उत्तर सोपे आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत जे मिळाले ते त्याने कांद्यात शिल्लक टाकले होते. हिवाळ्यात त्याला पाणी द्यायचे नसते. दिले तर कांदा सडतो. कांदा लावताना त्याची मान मातीच्या वर ठेवावी, आणि त्याला वर्षानुवर्षे हलवू नये. गर्दी झाली की ते जास्त फुलते.

ते फूल पाहायला बायका आल्या. हंगाम संपवून टोळ्या नुकत्याच परतल्या होत्या. उचल फिटली नव्हती, गावात पाणी नव्हते, आणि तरी त्या एका फुलाभोवती गोल करून उभ्या होत्या. ज्या तरुण कार्यकर्त्याने प्रश्न विचारला होता तोही आला. पिण्याचे पाणी न घेता उगवले आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने मला एवढेच विचारले, 'याचा कांदा फुटला की एक मला द्याल का?' आता त्याच्या दारात तीन आहेत.

मंडळी, १८८६ साली शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी मे महिन्याच्या पहिल्या तारखेला संप केला. मद्रासमध्ये १९२३ साली सिंगारवेलू यांनी तो दिवस या देशात प्रथम साजरा केला. १९६० साली आपले महाराष्ट्र राज्यही त्याच तारखेला जन्मले. आम्ही दर एक मेला कचेरीवर लाल झेंडा लावतो. पुढच्या पंधरा-वीस दिवसांत कधीतरी लिंबाखाली लाल फूलही येते. त्याची तारीख कार्यकारिणीला ठरवता येत नाही, एवढाच फरक.

न्यूयॉर्कमध्ये टोप्या शिवणाऱ्या रोझ श्नायडरमन या कामगार स्त्रीने १९१२ साली एका भाषणात सांगितले होते की कामगार स्त्रीला भाकरी हवीच, पण गुलाबही हवेत. हे मी तरुणपणी वाचले तेव्हा मला ते पोटभरल्या देशातले बोलणे वाटले. आता वाटते, त्या बाईचे बरोबर होते. फक्त आमच्या अंगणात गुलाब जगत नाही. तेव्हा आम्ही मागणी आमच्या मातीप्रमाणे करतो. भाकरी हवी, सावली हवी, आणि सावलीत अबोली हवी.

चिटणीसांना मी म्हटले होते की ऊसतोड कामगारांच्याच प्रश्नावर बोलणार आहे. तो प्रश्न मजुरीच्या दराचा आहे, उचलीचा आहे, आरोग्याचा आहे. त्यावर मी वर्षभर ठिकठिकाणी बोलतो आणि बोलत राहीन. पण परत आलेल्या माणसाला आपण कोठे बसवतो, हाही त्याचाच एक भाग आहे. आपल्यापैकी अनेकांच्या दारात, दुकानासमोर, शाळेच्या आवारात जुनी झाडे आहेत. 'याच्याखाली काही उगवत नाही' असे कुणी म्हणाले, तर कुऱ्हाड आणण्याआधी माझ्याकडे या. कोरांटीची फांदी, अबोलीचे बी, गुलबक्षीच्या बिया आमच्या कचेरीत फुकट मिळतात. अट एकच आहे. दुसऱ्या वर्षी आपल्याकडून दुसऱ्या कुणाला तरी द्यावे. मुकादमाची उचल फिटता फिटत नाही. ही उचल मात्र फेडताना वाढते.

ती म्हातारी आता नाही. ती बसायची त्या जागी आम्ही दगडी ओटा बांधला आहे. सावली अजून लिंबाचीच आहे.